बाबांची एक वीत

आमच्या दादाची गाडी एवढी लांब होती, की पुढच्या सीटवरचा माणूस चिपळुणात उतरला तरी मागच्या बाकावरचा हातखंब्यालाच चहा पीत बसलेला असायचा. हे मी मिरकरवाडा बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात कामाला असताना रोज कुणाला ना कुणाला सांगत असे, आणि दर आठवड्याला ती वीतभर वाढत असे. पण लांब होती हे खरंच. पोफळीकडचं काम आटपल्यावर एका ठेकेदाराने विकायला काढलेली, जाड पत्र्याची, चौकोनी, मागे समोरासमोर दोन बाकं. मूळ रंग कुठला ते तिचं तिलाही आठवत नसावं. इंजिन सुरू झालं की समोरच्या घरातली मांडणीवरची भांडी जागा बदलायची.

दादाचं डोकं सरळ होतं. रत्नागिरीच्या आजूबाजूला सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या, ज्या वाड्यांना एस.टी. तोंड दाखवत नाही, तिथे ही गाडी भाड्याने फिरवायची. दहा माणसं, दोन बोकड आणि आंब्याच्या पेट्या एका फेरीत. आयुष्यात कुणाच्या हाताखाली काम करायचं नाही. फक्त दोन अडचणी होत्या. एक, गाडीचं सगळंच मोडलेलं होतं. दोन, आमच्या घराच्या वाटेवर कासव होतं.

कासव म्हणजे कातळाचा कुबडा दगड. खालच्या रस्त्यावरून आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, यायच्या चढणीवर, बरोबर मध्यावर, पाठ काढून बसलेला. गाडी त्यावर आली की पोट टेकायचं आणि चारही चाकं नुसती भिरभिरायची. तो फोडावा म्हणाल, तर त्याच्या पाठीवरून आमची आणि चुलत्यांची हद्द जात होती. आमच्याकडे एक वेळ भरतीला थोपवता येईल, पण चुलत्याच्या हद्दीवर घण मारता येत नाही. बाबा म्हणाले, “दगड हलायचा न्हाय. गाडी उचला.”

इतकं सोपं होतं ते. आणि त्यासाठी लागणारा पैसा मिळवायला दादा मस्कतला गेला. गाडी चढणीच्या तळाशी फणसाखाली उभी केली, तिच्यावर जुनं जाळं आणि ताडपत्री टाकली, आणि निघताना आईला म्हणाला, “गो आई, ज्या दिवशी ही गाडी कासव ओलांडून खळ्यात येईल ना, त्या दिवसानंतर मी तिकडे राहणार नाही.”

आईने ते वाक्य कनवटीला बांधून ठेवलं. गाडी, कासव, खळं, मुलगा. असा सरळ हिशेब. त्या दिवसापासून ज्या बाईला गाडीत बसलं की मळमळायचं, ती रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की खाली जाऊन ताडपत्री नीट करून यायची.

आता बाबांविषयी सांगतो. बाबा तांडेल होते, म्हणजे होडी आणि तिच्यावरची माणसं त्यांच्या शब्दावर चालत. पण मिरकरवाड्यात त्यांचं नाव होतं ते पंजासाठी. पसरला की त्यात मोठं पापलेट शेपटीसकट झोपायचं. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत दहा इंच भरायचे, आणि यात मी एक दोराही वाढवलेला नाही. नवी होडी बांधताना सुतार टेप खिशात ठेवायचा आणि बाबांना हाक मारायचा. आमच्या दारांची उंची, विहिरीच्या रहाटाचा दांडा, माझा पाळणासुद्धा त्या वितीने मोजलेला. आमच्या घरात फूट-इंच हे कोर्टकचेरीत वापरायचे शब्द होते.

दादा गेला त्याच्या पुढच्या हंगामात ट्रॉलरवर दोर ओढणाऱ्या चक्रात बाबांचा उजवा हात गेला. हात वाचला, बोटंही सगळी जागेवर राहिली, पण पंजा उघडायचा थांबला. पाण्याची वाटी धरल्यासारखा अर्धा मिटलेला राहिला. बाबांनी समुद्र सोडला आणि खांद्यावर एक पंचा आला. बाहेर पडताना तो पंचा खांद्यावरून उजव्या हातावर घसरलेला असे. नेहमीच घसरलेला.

हे दादाला कळवलं नाही. आमच्याकडे परक्या मुलखात असलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची पद्धतच नाही. तो तिथे एकटा, उन्हात, बातमी घेऊन करणार काय? फोन होता खालच्या अंगाला चाचांकडे. चाचा बोटीवर इंजिनखोलीत हयात काढून आलेले, त्यांचा मुलगा आणि दादा मस्कतला एकाच खोलीत राहायचे. शुक्रवारी दुपारी चाचा नमाज पढून आले, जेवले, की फोन वाजायचा आणि दोन्ही घरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. चाचांची दुभती म्हैस दोन वर्षांपूर्वी मेली होती, तरी त्यांचा मुलगा दर शुक्रवारी तिची चौकशी करायचा आणि चाचा सांगायचे, “दूध देते, मस्त आहे.” तिथे आमच्या बाबांचा हात काय घेऊन बसलात!

त्या फोनवरून गाडीची दुरुस्ती चालली. दादा तिकडे मोठ्या गाड्यांच्या गॅरेजात लागला होता. वाळवंटात चालणाऱ्या, आपल्या एस.टी.ला खाली मान घालायला लावतील अशा गाड्या. तो तिकडून सांगायचा, मी आणि चाचा इकडे करायचो. इंजिन फणसाच्या फांदीला चेनपुली लावून बाहेर काढलं, तेव्हा फांदी अशी वाकली की फणस जमिनीला टेकले. बरं, टेकले नाहीत, पण वाकली. रेडिएटरमधून एवढा गाळ निघाला की त्यात भाताची रोपं लावता आली असती. सीटांना ट्रॉलरवरच्या जुन्या गाद्यांचा फोम घातला, त्याला शेवटपर्यंत बांगड्याचा वास येत राहिला. मग इंजिन परत बसलं, सुरू झालं, आणि उरलं ते उचलणं.

“किती उचलायला हवी रे?” दादाने फोनवर विचारलं.

“तीन फूट,” मी म्हणालो.

“थापाड्या! तुझं माप नको मला. तू मागे सांगितलेली सुरमई मी खोलीत सांगितली तर लोक अजून हसतायत.”

“अरे पण कासव...”

“बाबांना मोजायला सांग. बाबांची किती वीत, तेवढं फक्त सांग. टेप लावू नको, तू टेपसुद्धा ताणशील.”

आता यात बोलण्यासारखं काय होतं? गाडी ढकलत कासवाच्या तोंडाशी आणली. गाडीच्या पोटाच्या पातळीला सुतळी धरून ती कासवापर्यंत ताणली. सुतळीपासून कासवाच्या पाठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढी गाडी वर जायला हवी. बाबा उकिडवे बसले. पंचा बाजूला केला. डावा हात ते मापाला कधी लावत नसत, डाव्या हाताने मोजलेली होडी पाणी घेते असं त्यांचं म्हणणं. उजवा हात कातळाला लावला, बोटं जेवढी ताणता येतील तेवढी ताणली आणि म्हणाले, “एक वीत. बोटभर मोकळी जागा धरून.”

पुढच्या शुक्रवारी मी ओरडून सांगितलं, “एक वीत!”

“बाबांनी मोजली?”

“बाबांनीच.”

“मग झालं,” दादा म्हणाला, आणि एवढ्या लांबूनसुद्धा मला त्याचा सुटलेला श्वास ऐकू आला.

देवाशपथ सांगतो, मला काही खटकलं नाही. आईला नाही, चाचांना नाही. आमच्या डोळ्यांसमोर तो हात रोज तसाच होता, आणि आमच्यासाठी बाबांची वीत म्हणजे तीच होती. त्या घराला दोन विती झाल्या आहेत, एक इथे आणि एक मस्कतला, हे कुणाच्या ध्यानात येणार?

दादाने कामानंतर गॅरेजात थांबून लोखंडाचे चार ठोकळे केले. चाकांच्या आसावर कमानीचे पाटे असतात, त्या दोहोंच्या मध्ये हे ठोकळे बसवायचे म्हणजे गाडी तेवढी वर जाते. पण लोखंड पाठवणार कसं? आमच्याकडच्या पद्धतीने. मस्कतहून घरी येणारा माणूस स्वतःच्या सामानाबरोबर चार घरांचं सामान आणतोच. अत्तर, ब्लँकेट, बदाम. त्यात दर फेरीला कुणा ना कुणाच्या गुलाबाच्या फुलांच्या ब्लँकेटात गुंडाळून आमचा एक ठोकळा येऊ लागला. एकाला विमानतळावर विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, आमच्या आईचा वरवंटा. कुणी विचारलं नाही की वरवंटा भारतातून तिकडे जाईल की तिकडून इकडे येईल.

दुसरा ठोकळा केळशीला एका घरी उतरला होता. मी एस.टी. बदलत बदलत गेलो. त्या घरच्या वयस्क खालांनी आधी कोकमसरबत दिलं, मग शेवयांची खीर दिली, मग पडवीत नेऊन दाखवलं. तोवर ठोकळ्याने तिथे संसार मांडला होता. वाऱ्याने आपटणारं दार त्याने अडवून धरलेलं. “न्या बाबा,” त्या म्हणाल्या, “पण दाराला आता काय लावू ते सांगून जा.”

पहिला ठोकळा आला तेव्हाची गोष्ट मात्र मी मुद्दाम मागे ठेवली आहे. ब्लँकेट सोडलं, आणि चाचा म्हणाले, “तांडेल, हे जरा मोठं नाही वाटत? आपण मोजलं त्याच्या दुप्पट आहे.”

“तिकडे सगळं मोठंच असतं,” मी म्हणालो.

“गाडी बांधतोय की दीपगृह? कापून घेऊ या का अर्धा?”

बाबा खाली बसले. उजवा हात ठोकळ्यावर ठेवला. अंगठा एका टोकाला लावला, करंगळी मध्यावर पोचली आणि तिथेच थांबली. त्यांनी एकदा जोर केला. मनगटाची शीर फुगली, करंगळी हलली नाही. मग त्यांनी पंचा ओढून हातावर घेतला.

“कापायचं न्हाय,” म्हणाले. “त्याने केलंय तसं लावा.”

“अरे पण तांडेल, गाडी उलटेल...”

“लावा म्हनतो ना!”

बाबांचा तो तांडेलाचा आवाज मी होडीबाहेर त्या एकाच वेळी ऐकला.

चौथा ठोकळा आला आणि आम्ही गाडी उचलली. फणसाची फांदी, चेनपुली, वाडीतले आठ गडी आणि होडी किनाऱ्यावर ओढताना देतात तसली आरोळी. ब्रेकचे पाइप अपुरे पडले, ते लांब केले. मागच्या चाकांना फिरवणारा दांडा शहरात लेथवर नेऊन वाढवून आणला. आणि ताडपत्री काढली तेव्हा गाडी नव्हती, मचाण होतं. खालून कोंबड्या रांगेने गेल्या. चाचांचा बोकड मान वर करून गेला. आत चढायला मिरकरवाड्यातून आणलेले माशांचे दोन क्रेट एकावर एक पालथे घालावे लागत. मी ती चढणीवर घातली, कासव खाली कुठे राहून गेलं ते कळलंसुद्धा नाही, वरच्या वळणावर ती अशी कलली की मला एका खिडकीतून आभाळ दिसलं आणि दुसऱ्या खिडकीतून चुलत्याची मोरी. पण खळ्यात आली.

शुक्रवारी आईने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. तिला नीट ऐकू यायचं नाही, म्हणून समोरच्यालाही यायचं नाही अशा आवाजात ती म्हणाली, “गाडी खळ्यात आली. आता ये!”

दादा आला. चार पावसाळे झाले होते. अंगाने रोड झाला होता आणि कपाळ मोठं झालं होतं. रिक्षातून उतरला, चढण चढून वर आला, आणि गाडी बघून बॅग त्याच्या हातातून गळाली.

“ही काय गाडी आहे की माळा?”

“तूच केलीस,” मी म्हणालो.

“मी? मी एक वीत सांगितली!” तो खाली वाकला, ठोकळ्याला हात लावला. “एकच वीत तर आहे. दहा इंच. मग एवढी कशी...” तो कासवाकडे बघून आला, परत ठोकळ्याकडे आला. काहीतरी जुळत नव्हतं, पण आई ओवाळायला उभी होती, तेव्हा ते राहिलं.

चहा झाल्यावर दादा म्हणाला, “बाबा, चला. पहिली फेरी तुमची. जेटीवर जाऊ.”

बाबा धुवट सदरा घालून आले. पंचा जागेवर. दादा स्टिअरिंगवर बसला आणि तिथून पलीकडचं दार उघडून वाकला, “द्या हात.”

बाबा क्रेटवर चढले आणि डावा हात वर केला.

“उजवा द्या, बाबा. डाव्याने पीळ बसेल.”

“हाच घे.”

“अहो उजवा द्या ना!” आणि त्याने हसत हसत पंच्याखालचा हात धरला.

मी खाली क्रेट धरून उभा होतो. दादाचा हसरा चेहरा मला वरच्या बाजूला दिसत होता, आणि तो चेहरा कसा बदलला ते सांगायला माझ्याकडे एकही थाप नाही. तो हळूच हात सोडून दुसऱ्या बाजूने उतरला. वळसा घालून आला. बाबांना क्रेटवरून खाली घेतलं, तो हात पुन्हा धरला आणि गाडीखाली नेऊन ठोकळ्याला लावला. अंगठा टोकाला, करंगळी मध्यावर.

“कधी झालं हे?”

“तू गेल्यावर.”

“आणि कुणी...” त्याने आमच्याकडे बघितलं. आईने तोंडाला पदर लावला. चाचांना एकदम लांबच्या माडावर काहीतरी दिसलं.

बाबा म्हणाले, “माप बरोबर होतं माझं. एकच वीत हवी होती. तुझं लोखंड वाढलं.”

“मला वाटलं, तुमचा हात...” दादा म्हणाला. मस्कतच्या त्या खोलीत, उन्हाने भाजलेल्या पत्र्याखाली, त्याने चार वर्षं बाबांचा पसरलेला पंजा जपून ठेवला होता, आणि तोच लोखंडात ओतून घरी पाठवला होता.

मग रजेचे पहिले काही दिवस दादाने ठोकळे कापण्यात घालवले. शहरात नेऊन मशीनवर झटक्यात झालं असतं, पण त्याने हातकरवत घेतली आणि खळ्यात बसला. करवतीचं एक पातं संपायचं, दुसरं लावायचा. खूण करायला तो बाबांना बोलवायचा, बाबा हात ठेवायचे, दादा करंगळीच्या टोकाशी खडूने रेघ मारायचा. प्रत्येक ठोकळ्याला नव्याने. खरं तर एका मापावर चारही झाले असते. पण तो चार वेळा हात ठेवायला लावायचा, आणि बाबा चार वेळा ठेवायचे.

गाडी खाली आली. चढणीवर घातली, आणि कासव तिच्या पोटाखालून गेलं तेव्हा आम्ही सगळे वाकून बघत होतो. बोटभर जागा राहिली. बरोबर बोटभर.

त्या संध्याकाळी आम्ही जेटीवर गेलो. आई पहिल्यांदाच मागच्या बाकावर बसली आणि तिला मळमळलं नाही, किंवा तिने सांगितलं नाही. लिलाव संपत आला होता, बर्फ फुटत होता, माणसं गाडीकडे बघत होती. आणि बाबांनी पंचा काढून मांडीवर ठेवला, अंग वळवून उजवा हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर काढला, आणि ओळखीच्या प्रत्येक खलाशाला तोच हात वर करून दाखवत राहिले. दादा गाडी पहिल्या गिअरमध्येच चालवत होता. जेटी संपू नये म्हणून.

रजा मात्र संपली. आई म्हणाली, “गाडी खळ्यात आली की तिकडे राहणार नाही म्हणालास तू.”

“एवढं वर्ष, आई. करार आहे.”

आईला करार म्हणजे काय ते ठाऊक होतं. तिने ब्लँकेटं घडी घालून ठेवली आणि कुळथाचं पीठ बांधून दिलं. त्याला गाडीने मुंबईच्या एस.टी.पर्यंत मीच पोचवलं. कासवावरून उतरताना तो म्हणाला, “हळू रे.” मी हळूच होतो.

एका वर्षाची किती वर्षं झाली ते आखातात माणूस असलेल्या घरांना सांगायला नको. गाडी मी चालवली. दहा माणसं, दोन बोकड, आंब्याच्या पेट्या, सगळं दादाने ठरवलं होतं तसं. सीट मात्र मला कायम मोठी वाटायची. रोज संध्याकाळी कासव ओलांडताना मी श्वास धरायचो, आणि आई ओट्यावरून इंजिनाचा आवाज ऐकून उठायची. मला बघितलं की पुन्हा बसायची. गाडी खळ्यात आली होती ना, मग तिने उठणं चुकीचं कसं म्हणणार?

एक मात्र बदललं. शुक्रवारचे फोन खरे झाले. चाचांनी म्हैस मेल्याचं सांगून टाकलं, त्यांचा मुलगा तिकडे रडला म्हणे, एवढ्या जुन्या म्हशीसाठी. दादा आता सगळ्याची मापं विचारायचा. आई किती पायऱ्या चढते, बाबांची बोटं किती उघडतात, फणस चाचांच्या छपराला टेकला का. आणि बाबा गेले तेव्हाही मी चाचांकडून फोन लावला आणि सरळ सांगितलं. तो पोचू शकला नाही. पोचता आलं नसतं, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही.

दादा कायमचा परत आला तोवर चुलत्यांची मुलं मुंबईला गेली होती, हद्दीला कुणी वाली उरला नव्हता, आणि चढणीवर सिमेंटचा रस्ता झाला होता. कासव फोडलं नाही, त्याच्या दोन्ही बाजू भरून वरून सिमेंट घातलं. आता कुणाची मोटारसायकलसुद्धा न अडखळता वर येते. मी त्याला आणायला गाडी घेऊन गेलो होतो. चढणीच्या मध्यावर तो म्हणाला, “थांब.”

उतरला. रस्त्याकडे बघत राहिला.

“कासव कुठाय रे?”

“इथेच. खाली.”

तो उकिडवा बसला, आणि त्या गरम सिमेंटवर त्याने उजवा हात पसरून ठेवला. केस पांढरे झालेल्या माझ्या भावाचा पंजा मोठा आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. वर खळ्यात आई इंजिनाचा आवाज ऐकून उठली होती आणि अजून बसली नव्हती.

“किती खाली असेल?” त्याने विचारलं.

तीन फूट, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

“बाबांची एक वीत,” मी म्हणालो.

त्याने मान वर केली. “कुठली?”

“अलीकडची.”

त्याने हाताची बोटं हळूहळू मिटत आणली, बरोबर त्या मापावर येऊन थांबवली, आणि तशीच धरून ठेवली. मी गाडी बंद केली.